कावळा कशासाठी थांबला होता?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील वगळून)

माझं वय ३७. तालुक्याच्या गावात राहते, एका पतसंस्थेत कॅशियर आहे. दोन महिन्यांपूर्वी सासरे गेले. सासूबाईंची इच्छा म्हणून तेराव्यापर्यंत रोज संध्याकाळी गुरुजी घरी येऊन गरुडपुराण वाचायचे. माझा नऊ वर्षांचा मुलगा रोज आजीला खेटून ऐकायला बसायचा. घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची गडबड, त्यामुळे वाटलं, गप्प बसलाय तर बसू दे. आता तो रात्री दिवा बंद करू देत नाही. आजोबांना कोंबडी आवडायची, मग ते कुंभीपाकात असतील का, तिथलं तेल किती तापलेलं असतं, असं विचारतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने खुणा करून आजोबा यममार्गावर कुठवर पोचले असतील, याचा हिशोब ठेवतो. मुंगी दिसली तरी वळसा घालून जातो. खोटं बोलणं बंद झालंय, न सांगता अभ्यासाला बसतो. सासूबाई म्हणतात, "भीती आहे म्हणून माणूस माणसात आहे. घाबरलाय ते बरंच झालं, वळण लागलं." नवरा म्हणतो, विसरेल आपोआप. मी नरक मानत नाही. पण तसं त्याला सांगितलं आणि उद्या तो कशालाच भिईनासा झाला तर? सासूबाईंना या दिवसांत दुखवायचंही नाही. कधी वाटतं, लहानपणी मलाही हीच भीती घातली होती, म्हणूनच मी सरळ राहिले का? पन्नास रुपये जास्त आले तर ते कोणाचे, हे शोधायला मी संध्याकाळी सातपर्यंत थांबते, ते कशामुळे? जाता जाता एक सांगते. परवा तो झोपेत बडबडत होता. उठवलं तर रडत म्हणाला, आजोबांच्या कोपरीच्या खिशातून त्याने वीस रुपये घेतले होते. मी म्हटलं, जाऊ दे रे, आजोबा काही रागवायचे नाहीत. दहाव्याच्या दिवशीही असाच रडला होता. तासभर कावळा शिवत नव्हता. शेवटी ह्यांनी "विहिरीचं काम पुरं करतो" असं म्हटल्यावर शिवला. काय करू?

उत्तर

ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. इतक्या वर्षांत एक कळलंय, की लोक "जाता जाता" म्हणून जे लिहितात, खरं पत्र तिथून सुरू होतं. त्या वीस रुपयांकडे मी येणारच आहे. पण आधी सासूबाईंच्या वाक्याचं काहीतरी करायला हवं, कारण ते तुमच्याही मनात रुतून बसलंय आणि हे सदर वाचणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनात असणार. "भीती आहे म्हणून माणूस माणसात आहे." खरं आहे का हे?

माझी आजी सांगायची, मीठ सांडलं तर देवाघरी ते डोळ्यांच्या पापण्यांनी वेचावं लागतं. तुमच्याकडेही म्हणत असतील. आज माझी साठी उलटली, तरी ओट्यावर मीठ सांडलं की पोटात कालवतं आणि मी ते तळहाताने गोळा करते. म्हणजे भीतीचा उपयोग झाला नाही, असं मला म्हणता यायचं नाही. पन्नास वर्षं टिकलेला धडा आहे तो. पण त्याने मला शिकवलं काय? मीठ जपायला. साखर सांडली तर मी केरसुणी घेते. भीती ज्या खुंटीला बांधावी तेवढ्याच खुंटीभोवती फिरते, असा माझा अनुभव आहे. तुमचा मुलगा मुंग्यांना जपतोय, हे चांगलंच. पण वर्गातल्या एखाद्या पोराला सगळे मिळून चिडवत असतील, तर त्याच्या बाजूने उभं राहायला ही भीती त्याला सांगेल का? त्याबद्दल गुरुजींनी काही वाचून दाखवलं नसणार.

तरीही नरकाची कल्पना म्हणजे अडाणीपणा, असं म्हणून मी मोकळी होणार नाही. भागवताच्या पाचव्या स्कंधाच्या शेवटच्या अध्यायात अठ्ठावीस नरकांची यादी आहे. भीती बाजूला ठेवून ती कधी वाचून पाहा. तिथे कोण कोण आहे? दुसऱ्याचं धन, बायको, मूल हिरावून घेणारा आहे. कोणाला न देता एकटा जेवणारा आहे. दारी आलेल्या पाहुण्याकडे डोळे वटारून बघणारा आहे. त्याचे डोळे पक्षी उपसून काढतात. खोटी साक्ष देणारा आहे. त्याला डोंगरावरून खाली टाकतात, खाली पाणी दिसतं आणि असतो खडक. पैशाला चिकटलेल्या धनवंताचं अंग यमदूत दोऱ्याने शिवून काढतात. आणि निरपराध माणसाला शिक्षा देणारा राजा किंवा राजाचा माणूस सूकरमुख नावाच्या नरकात चरकातल्या उसासारखा पिळला जातो. ऊस! आपल्या जिल्ह्यांतल्या कुठल्याही शेतकऱ्याला ही शिक्षा समजावून सांगावी लागणार नाही.

ही यादी वाचताना मला दरवेळी वाटतं, की ती रचणाऱ्याने अन्याय फार जवळून पाहिलेला असणार. जिला कोर्टाची पायरी चढता येत नव्हती, जिचा दीर दरवर्षी नांगराचं एकेक तास पुढे सरकवत बांध कोरत होता, त्या विधवेला "वर कुणीतरी लिहून ठेवतंय" याशिवाय दुसरा आधार कोणता होता? चित्रगुप्ताची वही हा ज्यांची फिर्याद कोणी नोंदवून घेत नाही त्यांचा दफ्तरखाना. सासूबाईंच्या पिढीतल्या बायकांनी काय काय गिळलेलं असतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून त्या "भीती हवी" म्हणतात तेव्हा डोळ्यांसमोर कदाचित नातू नसेलही. असेल एखादा नातेवाईक, ज्याला कशाचीच भीती नव्हती.

याच याद्यांमध्ये दुसराही माल आहे, तोही सांगायला हवा. नेमून दिलेली वाट सोडणाऱ्याला नरक आहे, आणि वाट नेमून देणारे कोण होते, हे आपल्याला ठाऊक आहे. दुबळ्याला आधार देणारी भीती दुबळ्याला जागच्या जागी बसवायलाही वापरली गेली. १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज निघाला आणि भटजीवाचून विधी होऊ लागले, त्यामागे ही चीड होतीच. त्या वादात इथे शिरत नाही. पण "भीती हवी" म्हणताना ती कोणाच्या हातात द्यायची, हा प्रश्न त्याला चिकटलेलाच राहतो.

आता मूळ मुद्दा. नरकाच्या भीतीने माणूस सुधारतो का?

गंमत म्हणजे हा प्रश्न भागवतातच विचारलेला आहे, तोही नरकवर्णन संपल्याबरोबर. विचारणारा परीक्षित राजा. शमीक ऋषींच्या गळ्यात मेलेला साप टाकल्याचा पश्चात्ताप त्याच्या मनात आहे आणि मरायला सात दिवस उरलेत, म्हणजे त्याची चौकशी काही रिकामटेकडी नाही. भागवत सांगणाऱ्या शुकमुनींना तो विचारतो: पाप वाईट आहे हे माणसाने पाहिलेलं असतं, ऐकलेलं असतं, तरी तो पुन्हा तेच करतो. मग प्रायश्चित्ताचा उपयोग काय? हे तर 'कुंजरशौच' झालं. हत्ती नदीत न्हाऊन बाहेर येतो आणि सोंडेने अंगावर धूळ उडवून घेतो, तसं. यावर शुकमुनी आणखी एखादा भयंकर नरक काढून दाखवत नाहीत. ते म्हणतात, खरं प्रायश्चित्त म्हणजे विमर्शन. म्हणजे विचार, नीट उलगडून पाहणं. अठ्ठावीस नरक सांगून झाल्यावर पुढच्याच अध्यायात हे येतं. तेराव्याच्या आत एवढं वाचून होत नाही, हा आपला दोष.

हत्तीची आंघोळ मी पाहिली आहे. माझ्या माहेरच्या गावात एक गृहस्थ दरवर्षी सप्ताहात पुढच्या रांगेत बसून यमयातना ऐकत, डोळे पुसत, आणि पेरणीच्या आधी शेजाऱ्याचा बांध कोरत. दोन्ही मनापासून. ढोंगी होते असं मला आजही वाटत नाही. त्यांच्या हिशोबात बांध हे पाप नव्हतंच, तो 'व्यवहार' होता. नरकात जाणारा माणूस नेहमी दुसराच असतो. वर सांगितलेल्या त्या विधवेचा दीरही हेच पुराण ऐकत असणार, नाही का?

विज्ञानाचं म्हणाल तर ते सासूबाईंना थोडं झुकतं माप देतं. २०१२ साली मानसशास्त्रज्ञ अझीम शरीफ आणि त्यांच्या सहकाऱ्याने ६७ देशांची माहिती ताडून पाहिली. ज्या समाजांत नरकावर विश्वास अधिक आणि स्वर्गावर त्यामानाने कमी, तिथे गुन्हे कमी आढळले. म्हणजे भीतीचा काहीतरी संबंध दिसतो. अर्थात दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली, असं होत नाही, आणि देशांच्या आकड्यांवरून एका घरातल्या एका मुलाचं काही सांगता येत नाही. शिवाय दोनच वर्षांनी, २०१४ मध्ये, शरीफ यांनी लारा अक्निन यांच्यासोबत दुसरा अभ्यास केला. त्यात दिसलं, की नरकावरचा विश्वास जिथे जास्त तिथे माणसं कमी सुखी. फुकट काहीच मिळत नाही म्हणायचं.

पण तुमच्या घराला लागू पडेल असा प्रयोग याहून जुना आहे. १९६५ साली जोनाथन फ्रीडमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सात ते दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांसमोर खेळणी ठेवली. त्यात बॅटरीवर चालणारा एक झकास रोबो होता. काही मुलांना सांगितलं, याला हात लावणं बरोबर नाही, आणि लावलास तर मी फार रागावेन, मग मला काहीतरी करावं लागेल. बाकीच्यांना एवढंच, की हात लावू नकोस, ते बरोबर नाही. तो बाहेर गेला. जवळपास कोणीच हात लावला नाही, ना या गटात ना त्या. धाक आणि साधं सांगणं, दोन्ही सारखंच चाललं. काही आठवड्यांनी दुसरीच एक बाई त्या मुलांकडे गेली, निराळं काम दिलं आणि म्हणाली, ती खेळणी पडलीत, हवं तर खेळा. धाक घातलेल्या मुलांपैकी बहुतेक रोबोकडे धावली. साधं सांगितलेल्यांपैकी साधारण तिनांतलं एकच. धाकवाल्या मुलांना न खेळण्याचं कारण माहीत होतं: तो रागावणारा माणूस. तो गेला, कारण संपलं. दुसऱ्या मुलांना कारण स्वतःतच शोधावं लागलं होतं, आणि ते त्यांच्यासोबत घरी गेलं होतं.

"उद्या तो कशालाच भिईनासा झाला तर?" असं तुम्ही विचारता. ताई, तो होणारच आहे. चौदा-पंधराव्या वर्षी तो नरकावर हसेल, तुम्ही काही सांगा वा सांगू नका. त्या दिवशी त्याच्याकडे दुसरं काही असायला हवं.

आणि ते त्याच्याकडे आहे. तेच मला तुम्हाला दाखवायचंय. तेरा दिवस त्याने यमदूत, कढया, करवती ऐकल्या. त्यानंतर नऊ वर्षांच्या मुलाचा पहिला प्रश्न काय असायला हवा होता? 'माझं काय होईल?' त्याने विचारलं, आजोबा तिथे असतील का, तेल किती तापलेलं असतं. कॅलेंडरवरच्या खुणा स्वतःच्या नाहीत, आजोबांच्या आहेत. हा मुलगा म्हाताऱ्याच्या मागोमाग मनाने चालत निघालाय, एकटे कसे जातील म्हणून. सासूबाई म्हणतात भीतीने वळण लागलं. मला उलटं दिसतं. माया आधीपासून होती, म्हणून तर भीती एवढी लागली. ज्याला आजोबांचं काही पडलेलं नाही, तो तेरा दिवस ऐकून चौदाव्या दिवशी क्रिकेट खेळायला गेला असता.

महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराचं असंच होतं. स्वर्गात पोचतो तर समोर दुर्योधन थाटात बसलेला. माझे भाऊ कुठे म्हणून विचारतो, तर देवदूत त्याला दुर्गंधीच्या, अंधाऱ्या वाटेने नेतो. सहन होईना म्हणून तो मागे वळतो, तर आवाज येतात: थांब, तुझ्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्याने आम्हाला बरं वाटतंय. कोण तुम्ही? कर्ण, भीम, अर्जुन, द्रौपदी. तेव्हा धर्मराज देवदूताला सांगतो, तू जा, मी इथेच राहतो. 'नरो वा कुंजरो वा'पायी त्याला नरक पाहावा लागला, एवढंच आपण लक्षात ठेवतो. नरक पाहून त्याने काय केलं, ते सांगायचं राहून जातं. ही गोष्ट मुलाला आजीनेच सांगितली तर किती छान होईल.

आणि बघा, नरक मानणाऱ्या माणसांनी जिथे जिथे नरक उभा केला, तिथे आपल्या माणसाला त्यातून सोडवायची सोयही करून ठेवली. वैतरणी आहे म्हटल्यावर लगेच गाय आली, तिचं शेपूट धरून पार व्हायला. पिंड आले. अजामिळाने मरताना 'नारायण' म्हणून मुलाला हाक मारली, तेवढीही पुरली. वसईत, गोव्यात ख्रिस्ती कुटुंबं २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावून गेलेल्यांसाठी प्रार्थना करतात. न्याय हवा तर सगळ्यांना, पण आपल्या म्हाताऱ्याला सूट. यात विसंगती आहे. मला ती फार आवडते.

तुमचे पन्नास रुपयेही याच घरातले. सातपर्यंत कॅश जुळवत बसता तेव्हा यमदूत आठवतात का? ऑडिटची धास्ती थोडी असेल, असू दे. पण माझा अंदाज, तुम्हाला कोणीतरी दिसत असतं. काउंटरवर घाम पुसत गड्डी मोजून देणारा, घरी जाऊन बायकोची बोलणी खाणारा. तुकोबांनी पुण्य-पापाची व्याख्या एका ओळीत बसवली: "पुण्य पर उपकार पाप ते परपीडा". त्याच अभंगात पुढे "संतांचा संग तोचि स्वर्गवास" येतं, आणि नरक म्हणजे काय तेही इथल्या इथेच सांगितलंय. लहानपणीच्या भीतीने तुम्हाला घडवलं असेलही थोडं, मला मीठ जपायला लावलं तसं. पण दिवसभराच्या कॅशमध्ये माणसं दिसणं, हे तिचं काम नव्हे.

आता वीस रुपये.

तुम्ही लिहिता, त्याचं खोटं बोलणं बंद झालंय. आणि त्याच पत्रात लिहिता, की एक खरी गोष्ट त्याने दोन महिने कोणालाही सांगितली नाही, ती शेवटी झोपेत बाहेर पडली. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. एरवी चार दिवसांत त्याने कबूल केलं असतं, आजोबांनी कान पिळला असता, संपलं असतं. पण आजोबा गेले, आणि मागोमाग चोरांच्या नरकांची वर्णनं आली. आता सांगायचं कोणाला आणि सांगून मिळणार काय, तर कढई! भीतीने त्याला खरं बोलायला लावलं नाही, तिने त्याचं तोंड शिवलं. मोठ्या माणसांचंही हेच होतं. शिक्षा जितकी भयंकर, तितकी चूक खोल पुरली जाते.

आणि रागावू नका, पण रात्री तुम्ही म्हणालात "जाऊ दे रे", तेव्हा दोन महिन्यांनी उघडलेलं दार तुम्ही मायेनेच लोटून घेतलं. त्याच्यासाठी ते वीस रुपये 'जाऊ दे' एवढे नाहीत. त्याला माफी नकोय, परतफेड करायचीय, आणि ज्याला करायची तो माणूस घरात नाही.

ती वाट काढून द्या. त्याला म्हणा, त्या रात्री मी घाईत बोलले, तू सांगत होतास ते मला नीट ऐकायचंय. कशाला घेतले होतेस, काय आणलंस, आजोबांना कळलं होतं असं वाटतं का? ऐकून झालं की विचारा, आजोबा असते तर परत कसे दिले असतेस? वीस रुपये त्याने साठवायचे, तुम्ही द्यायचे नाहीत. मग आजोबा ते कशावर खर्च करायचे, तिथे ते जाऊ देत. पारावरच्या चहाला असेल, कुत्र्याच्या बिस्किटाला असेल, तंबाखू सोडून काहीही. शुकमुनी ज्याला विमर्शन म्हणाले ते नऊ वर्षांच्या मुलाला झेपेल एवढं असंच असावं.

नरक आहे की नाही, हे विचारेलच. इथे तुमच्यापुढे तीन वाटा आहेत असं मला दिसतं. "काही नसतं, थापा आहेत सगळ्या" म्हणालात, तर त्याची आजी आणि गुरुजी दोघंही खोटे ठरतात, आणि ज्या आजीच्या कुशीत तो दुःख काढतोय ती कुशी जाते. गप्प राहिलात, तर तुमचं मौन म्हणजे होकार असं तो धरेल, कारण मुलं तसंच धरतात. मी तिसरी घेईन. "मला तसं वाटत नाही. आजीला वाटतं. आपल्यापैकी कोणीच तिथे जाऊन आलेलं नाही. पण आजोबा चांगले होते, याबद्दल आमचं दोघींचं एकमत आहे." दोन मोठी माणसं वेगळं मानूनही एका ताटात जेवतात, हे नऊ वर्षांच्या मुलाला कळतं. आणि कोंबडीचं तर पुराणाच्याच भाषेत सांगा. भागवतात कुंभीपाक आहे तो पशुपक्षी जिवंत शिजवणाऱ्या क्रूर माणसाला. रविवारी रस्सा ओरपणाऱ्या आजोबांचा तिथे संबंध नाही. शिवाय आपल्याकडचा नरक कायमचा नसतो. मुदत संपली की सुटका. मुलांना मुदत असलेल्या गोष्टी सोसवतात.

गुरुजींनाच एकदा चहाला बोलवा. ज्याच्या तोंडून भीती आली, त्याच्याच तोंडून "अरे, तुझ्या आजोबांचं सगळं यथासांग झालंय, तू कशाला काळजी करतोस" हे आलं, तर तुमच्या शंभर वाक्यांपेक्षा लवकर लागू पडेल. आधी फोनवर त्यांना मुलाची अवस्था सांगून ठेवा. बहुतेक गुरुजी समंजस असतात. ते तसे नसतील, तर हा बेत सोडून द्या.

सासूबाईंशी वाद घालू नका. या दिवसांत तो जिंकून तरी काय करणार? त्यांना विचारा, तुम्हाला लहानपणी कोणी घाबरवलं होतं, आणि त्यांना बोलू द्या. कदाचित कळेल, की त्यांनाही रात्री झोप नाही. चाळीस-पन्नास वर्षांचा संसार होता, त्यात आजोबांचे काही दोष फक्त त्यांनाच माहीत असतील, आणि त्या कॅलेंडरवर त्यांचाही डोळा असेल. झोपताना दिवा राहू दे, वर्षभर राहिला तरी बिल फार येत नाही. सापशिडीचा पट असेल तर आजी-नातवाला तो काढून द्या. या खेळाचा जुना अवतार मोक्षपट, परंपरा तो ज्ञानदेवांशी जोडते. सापाने गिळलं तरी फासे हातात राहतात, हे खेळता खेळता कळतं.

ज्या घरांत असंच काही चालू आहे त्यांच्यासाठी: चार-सहा आठवड्यांनंतरही मूल झोपत नसेल, पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं असेल, सारखे हात धूत असेल किंवा "हे केलं तर पाप लागेल का?" असं दिवसातून वीसदा विचारत असेल, तर त्याला वळण समजू नका. बालमानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. तालुक्याला कोणी नसेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. तुमच्या मुलाला दोन महिने झालेत. वीस रुपयांचं बोलणं झाल्यावर पंधरा दिवस बघा आणि फरक पडला नाही तर थांबू नका.

एक राहिलं. दहाव्याला कावळा तासभर शिवत नव्हता. घाटावर सगळे आजोबांची राहिलेली इच्छा शोधत होते, कोणी शेताचं बोललं, कोणी लेकीचं, शेवटी तुमच्या यजमानांनी विहिरीचं नाव घेतलं. मोठ्यांचा प्रश्न सुटला. त्या गर्दीत एक नऊ वर्षांचा मुलगा उभा होता, खिशाला माहीत असलेली गोष्ट एकट्याने धरून, आणि रडत होता. माझा अंदाज चुकीचाही असेल. एखाद्या संध्याकाळी, अंगणात, दुसरं काही काम नसताना त्याला विचारा, त्या दिवशी कावळा कशासाठी थांबला होता असं तुला वाटलं? आणि त्याने सांगेपर्यंत तुम्ही काही बोलू नका.